फडावरची अक्षरं : ऊसतोड तळावरच्या एका मुलीचा प्रकरण अभ्यास

मुलगी पाच वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली. दिवाळी उरकून आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर आलेली. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडात, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, राबायचं. उजाडायच्या आत मोठी माणसं तळ सोडतात. मागं कोप्यांमध्ये, म्हणजे तळावरच्या झोपड्यांमध्ये, उरतात लहान मुलं आणि त्यांना सांभाळणारी, त्यांच्याहून जराशी मोठी मुलं. ही मुलगी सांभाळणाऱ्यांपैकी. दीड वर्षाचा भाऊ दिवसभर तिच्या डाव्या कडेवर. गावच्या अंगणवाडीत तिचं नाव होतं, पण गळीत हंगामाचे महिने ती गावात नसायचीच.

तळाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि एक मदतनीस ताई मिळून बालवर्ग चालवत होतो. तीन ते सहा वयाची मुलं यायची. कोण किती दिवस येईल याचा भरवसा नाही. या मुलीला अक्षरओळख कशी झाली, कुठल्या खेळानं झाली आणि कुठं अडली, ते इथं सविस्तर मांडते. मला जे ठामपणे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. अक्षर मुलाच्या हातून, भाग जोडून जोडून तयार व्हावं, आणि त्याला नाव मुलाच्या रोजच्या बोलण्यातल्या शब्दानं मिळावं. तक्ता, गाणं, वर्णमालेचा क्रम यांना जागा आहे, पण ती नंतरची.

आली तेव्हा काय येत होतं

पहिल्याच आठवड्यात तिनं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं एका दमात म्हणून दाखवलं. क का कि की सुद्धा चालीत. थोरला भाऊ शाळेत जातो, त्याचं ऐकून पाठ झालेलं. मग तक्त्यावर बोट ठेवत म्हणायला सांगितलं. बोट ‘ग’वर होतं तेव्हा तोंड ‘च’वर पोहोचलं होतं. एकटा ‘ग’ लिहून विचारलं, तर उत्तर आलं, “गमभन.” तिच्या लेखी तो आकार म्हणजे पाटीवरच्या त्या अख्ख्या ओळीचं नाव होतं. बालवर्गात बसणाऱ्या ताईंना हे उत्तर अनोळखी नसेल.

तक्त्यावरची चित्रं तिला कामाची नव्हती. ‘क कमळाचा’, पण कमळ तिनं पाहिलेलं नाही. ‘ख खटाऱ्याचा’, तर तिच्या भोवती असतात टायरगाड्या आणि ट्रॅक्टर. ‘ठ ठशाचा’ हे तर मोठ्यांनाही समजावून सांगावं लागेल.

कान मात्र तयार होता. ‘रस, रान, टोपली, रताळं’ यात वेगळा शब्द कोणता, हे तिनं विचारताक्षणी सांगितलं. ‘गूळ’ शब्दाच्या शेवटी काय ऐकू येतं, तेही. ही चाचणी मी प्रत्येक मुलाची करते, कारण पुढचा रस्ता तिच्यावर ठरतो. शब्दातला आवाज सुटा करता येत नसेल तर अक्षराचा आकार कोणत्या आवाजाला चिकटवायचा? इथं आवाज होते, आकार नव्हते, आणि दोघांना जोडणारं काही नव्हतं.

पेन्सिल ती मुठीत धरायची. रेघ थरथरायची, कागद फाटायचा. दुसरा हात भावाला धरलेला, म्हणजे कागद दाबून धरायलाही कुणी नाही. म्हणून लिहिणं बाजूला ठेवलं. खेळ निवडताना पहिली अट हीच ठरली की तो एका हातानं जमला पाहिजे, किंवा भाऊ शेजारी बसलेला असताना चालला पाहिजे.

उसाच्या चकत्या

शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानं मराठी वर्णमाला ठरवून दिली. त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वरही आले. ती पूर्ण वर्णमाला शाळेत हवीच. पण पाच वर्षांच्या मुलानं तिच्या क्रमानं शिकावं असं नाही. तो क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे: कंठातले आवाज, मग तालूतले, मग पुढचे. आकारांचा त्यात विचार नाही. देवनागरीचे आकार बघितले तर त्यांची घराणी निराळीच निघतात. ‘व’च्या पोटात तिरपी रेघ घातली की ‘ब’. त्याच ‘व’च्या दांड्याला उजवीकडं शेपूट लावलं की ‘क’. ‘र’ला दांडा जोडला की ‘स’. ‘र’शेजारी ‘व’ उभा केला की ‘ख’. ‘ट’चं उघडं तोंड मिटलं की ‘ठ’. मुलाच्या हातात हे सुटे भाग दिले, तर एका अक्षरातून दुसरं त्याला स्वतःलाच काढता येतं.

भाग कशाचे करायचे, हा प्रश्न तळावर फारसा अवघड नव्हता. उसाची बोटभर जाडीची गोल चकती हे ‘व’चं पोट. दांड्यासाठी आणि शिरोरेषेसाठी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, पानाची मधली शीर, पाती सोलून काढलेली. ती ओली असताना हवी तशी वाकते, म्हणून ‘क’चं शेपूट आणि ‘ट’चा अर्धगोल तिचाच व्हायचा.

चकत्या मोठ्या माणसांकडूनच कापून घ्यायच्या, मुलांच्या हातात कोयता द्यायचा नाही, हा नियम कडक होता. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, हातात देऊ नये. त्याच्या कडा बोटं चिरतात आणि त्यावरची कूस अंगाला खाजते. ओल्या चकत्यांना तासाभरात मुंग्या लागतात. पत्र्यावर दोन उन्हं दिली की त्या आकसतात, धागे वर येतात आणि मग बरेच दिवस टिकतात. पहिल्या दिवशी मात्र ओल्याच दिल्या होत्या, आणि मुलांनी अक्षरं चावून खाल्ली. मला त्याचा आनंदच झाला. ‘व’चं पोट गोड लागतं हे त्यांच्या लक्षात राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ‘व’ मागायला मुलं स्वतःहून आली.

शहरातल्या बालवाड्यांत चिंचोके, मणी, कडधान्यं चिकटवून अक्षरं सजवतात. छान दिसतात. पण इथं दर दुसऱ्या मुलाबरोबर एक रांगतं भावंड होतं आणि ते हाताला लागेल ते तोंडात घालायचं. घशात अडकेल एवढं बारीक काही शेडमध्ये आणायचं नाही, असं ठरवलं. गुंजा तर कुठंच वापरू नयेत. दिसायला देखण्या असल्या तरी त्यांचं बी विषारी असतं.

पहिला ‘व’ तिनं एका हातानं मांडला. चकती, उजवीकडं उभी काडी, वर आडवी काडी. मी विचारलं, “हा कुणाचा?” तिनं क्षणभर विचार केला. “वाढ्याचा.” मग म्हणाली, “वजनाचा बी.” वजनकाट्यापुढं गाड्यांची रांग लागते, ती रोज बघत होती. त्या दिवसापासून शेडमधला ‘व’ वजनाचा झाला. ‘ब’ बकरीचा, ‘क’ कडब्याचा, ‘ट’ टपाचा, ‘र’ रसाचा. ‘ग’ गव्हाणीचा, कारण कारखान्यात उसाची मोळी जिथं पडते ती गव्हाण सगळ्या मुलांना ठाऊक होती.

शब्द निवडताना एक गोष्ट सांभाळावी लागते. तिला ‘क’ कोयत्याचा करायचा होता आणि त्यासाठी ती अडून बसली. पण ‘कोयता’ म्हणताना कानावर ‘को’ पडतो, ‘क’ नाही. सुरुवातीला शब्दाचं पहिलं अक्षर बिनमात्रेचं असलेलं बरं. मी कोयत्याचं चित्र काढून खाली शब्द लिहिला आणि तो कागद तिच्या नेहमीच्या जागेवर लावला. तो शब्द ती चित्रासारखा ओळखायला लागली. त्याला वाचणं म्हणता येणार नाही, पण तिचा शब्द भिंतीवर होता.

‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. तक्तेवालेही ‘ण बाणाचा’ म्हणूनच वेळ निभावून नेतात. आम्ही या दोघांसाठी शेवटचा आवाज धरला: गूळ, फळ, केळ, बाण. भेंड्या खेळताना ‘ळ’ आला की मोठी माणसं ‘ल’वर भागवतात. मुलांना उलट तो ‘ळ’ पकडण्यातच मजा वाटली.

बोटानं गिरवणं

मांडून झालं की गिरवणं. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत गरीब कामगारांच्या मुलांसाठी बालगृह काढलं. तिथं खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून मुलं दोन बोटं फिरवत आणि त्याच वेळी आवाज उच्चारत. ही पद्धत आज महागड्या शाळांच्या जाहिरातीत दिसते, पण ती जन्मली अशाच कष्टकरी वस्तीत. आपल्याकडंही पंतोजींच्या काळात धूळपाटी होतीच. मातीत बोटानं अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं, पुन्हा काढायचं. आमच्याकडं दोन्ही होतं. जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं वाळू चिकटवून केलेली अक्षरं, आणि चहाच्या गाळणीनं चाळलेली माती पसरलेली एक परात. खळ वापरायचं टाळलं, कारण तळावर उंदीर फार.

वाळूच्या अक्षरावर बोट फिरवायला एक हात पुरतो. भाऊ कडेवर असताना ती उभ्यानंच गिरवायची, आणि भाऊही आपलं बोट मध्ये घालायचा. बोट कुठून सुरू करायचं हे कळावं म्हणून सुरुवातीच्या जागी लाल टिकली लावली होती. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. हे एकदा बोटात बसलं की पुढं पेन्सिल धरल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही.

तारा­बाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पानं, बिया, जे भोवती असेल ते साहित्य. लहान भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून मोठी मुलं येत नाहीत, हेही त्यांनी ओळखलं आणि तान्ह्यांची सोय शेजारीच केली. तळावरच्या शेडमध्ये आम्ही जे करत होतो त्याची वाट त्यांनी घालून दिलेली आहे. 2023 मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेनं 3 ते 8 वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते असलेली ती पेटी चांगलीच आहे. पण पेटी पोहोचेपर्यंत मुलांनी थांबावं असं मला वाटत नाही. कोसबाडला पेटीची वाट कुणी पाहिली नव्हती.

खेळ

सगळे खेळ मुलांच्या ओळखीचेच घेतले. नवा खेळ समजावण्यात वेळ जातो आणि अक्षर मागं पडतं.

सर्वांत रमले ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये. मुलं गोल करून बसतात, एकजण बाहेरून पळतो, ‘मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं’ म्हणत कुणाच्या तरी मागं रुमाल टाकतो. आम्ही रुमालात वाळूचं अक्षर गुंडाळलं. ज्याच्या मागं पत्र पडेल त्यानं ते उघडून आवाज सांगायचा, एक शब्द सांगायचा आणि मग पळायचं. अडला तर गोलातल्या मुलांनी मदत करायची, पण मुकी: बकरीसारखे हात करून, रस पिऊन दाखवून. आमची मुलगी पळायला नको म्हणायची, भाऊ होता ना. मग मदतनीस ताईंनी पळापळीपुरतं बाळाला घेतलं. पहिल्यांदा मोकळ्या अंगानं पळाली तेव्हा ती गोलाला तीन फेऱ्या मारूनच थांबली, नियम विसरून. कुणी अडवलं नाही.

ठिकरीच्या चौकोनांत अक्षरं काढून लंगडी घालायचा खेळ सगळीकडं सुचवला जातो. मोठ्या गटात तो चालत नाही. एक मूल लंगडतं आणि बाकीची नुसती उभी राहतात. त्यापेक्षा ‘डोंगर का पाणी’ बरा. ओट्यावर ‘ट’, जमिनीवर ‘ठ’. मी शब्द म्हणायचा, “टप!”, “ठिगळ!”, आणि सगळ्यांनी एकदम त्या बाजूला धावायचं. जवळजवळच्या आवाजांसाठी हा खेळ फार उपयोगी आहे. ‘क’ आणि ‘ख’साठीही तोच. चुकलेलं मूल गर्दीबरोबर सरकतं, त्याची चूक उघडी पडत नाही, आणि दोनचार वेळा धावल्यावर ते गर्दीच्या आधी पोहोचायला लागतं.

आंधळी कोशिंबीर आम्ही बसून खेळलो. डोळ्यांवर फडकं, हातात वाळूचं अक्षर. इथं या मुलीचा अडथळा नेमका दिसला. डोळे उघडे असताना ती ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळायची. बंद डोळ्यांनी, बोटानं, एकदाही नाही. पोटातली तिरपी रेघ बोटाला लागायची, डोळा तिच्यावरून घसरायचा. म्हणून तिला पुन्हा चकतीकडं आणलं. ‘व’ मांडायचा, मग स्वतःच्या हातानं चकतीवर तिरपी काडी ठेवून मोठ्यानं म्हणायचं, “आता बकरी.” काडी उचलायची: “आता वजन.” असं ती खेळतच राहिली, भावालाही ऐकवत राहिली. नुसतं ‘नीट बघ’ म्हणून हे झालं नसतं.

पहिला शब्द

‘फ’ आणि ‘ड’ मी मुद्दाम जवळजवळ घेतले. ‘फड’ या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, आणि तळावर तो दिवसातून शंभरदा कानावर पडतो. दोन्ही अक्षरं ओळखीची झाल्यावर पुठ्ठे शेजारी ठेवले आणि काहीच बोलले नाही. तिनं ‘फ’वर बोट फिरवलं, ‘ड’वर फिरवलं, पुन्हा पहिल्यापासून, या वेळी भराभर. मग मान वर करून म्हणाली, “फड हाय ह्यो! आमचा फड!” भावाला हलवून सांगितलं, मदतनीस ताईंना सांगितलं, बाहेर उभ्या असलेल्या बैलालाही सांगून आली.

त्यानंतर ‘ऊस’, ‘रस’, ‘बस’, ‘गरम’, ‘बरफ’ पटापट आले. मोजक्या अक्षरांत किती शब्द निघतात याचं मलाही नवल वाटलं. अक्षरं निवडतानाच हा हिशेब करायला हवा. मुलाला पन्नास सुटी अक्षरं येण्यापेक्षा दहाबारा अक्षरांतून खरे शब्द वाचता येणं कितीतरी मोलाचं आहे.

संध्याकाळी तिची आई शेडपाशी आली. “बाई, पोरगी रोज कांड्या कापून मागायली. काय करायली ती?” मी मुलीलाच दाखवायला सांगितलं. आईनं ‘फड’ बघितला, दोन्ही अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि विचारलं, “मला बी काढून देता का एखादं?” तिला तिच्या नावाचं पहिलं अक्षर वाळूत करून दिलं.

मग काना. काना म्हणजे आणखी एक उभी काडी, हे तिच्या हातांना लगेच पटलं. ‘गरम’मध्ये काडी घालून ‘गराम’ असं काहीबाही करून ती खिदळायची. आणि इथं तिची पाठ असलेली बाराखडी अचानक कामाला आली. ‘म’ला काना लावला की काय होतं, हे विसरली तर ती चालीत ‘म मा’ म्हणायची आणि थांबून सांगायची, “मा!” पाठांतराला मी कमी लेखत नाही. अर्थ नसताना ते नुसती चाल असतं. आकार हातात आल्यावर तेच शोधायला उपयोगी पडलं.

ऱ्हस्व वेलांटी मात्र जमली नाही. बोलताना ‘इ’ नंतर येते आणि लिहिताना खूण आधी, डावीकडं. चुकीच्या बाजूला काडी ठेवून ती बरोबर वाचायची, आणि तिच्या कानाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. हंगाम संपत आला होता. घाई केली नाही.

काय राहिलं, काय निसटलं

मध्ये भावाला ताप आला तेव्हा ती बरेच दिवस आली नाही. परत आल्यावर मी एकेक अक्षर पुढं ठेवलं. चकत्यांनी मांडलेली, वाळूत गिरवलेली जवळपास सगळी शाबूत होती. ‘न’, ‘ल’, ‘च’ ही अक्षरं साहित्य करायला वेळ न मिळाल्यानं फक्त चित्रपत्त्यांवर दाखवली होती. त्यातलं एकही उरलं नव्हतं. एका मुलीवरून नियम सांगता येत नाही. पण याच तळावरच्या इतर मुलांतही मला हेच दिसलं, म्हणून लिहून ठेवते.

पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, सुमाराला तिला बारा अक्षरं पक्की येत होती, काना वाचता येत होता आणि बिनमात्रेचे दोनतीन अक्षरी शब्द ती जोडून वाचत होती. मातीच्या परातीत ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘र’, ‘स’ बोटानं काढायची. पेन्सिल अजून मुठीतच होती, आणि पाच वर्षांच्या हाताला त्याची काही काळजी नाही.

स्थलांतर करणाऱ्या शाळकरी मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, शाळेतून शाळेत जाणारं. ती अजून शाळेच्या वयाची नव्हती. म्हणून गावच्या अंगणवाडीच्या ताईंसाठी एक पान मीच लिहून तिच्या आईकडं दिलं. वाळूची अक्षरं एका पिशवीत घालून बरोबर दिली. पानावर लिहिलं होतं: येणारी अक्षरं कोणती, प्रत्येकाचा तिनं ठरवलेला शब्द कोणता. ‘ब’ आणि ‘व’ यांत घोटाळा झाला तर डोळे मिटून बोटानं ओळखू द्यावं. पुढं ‘न’, ‘त’, ‘ल’ घ्यावेत, पण मातीत किंवा काड्यांनी मांडून. ‘घ’ आणि ‘ध’ एका महिन्यात घेऊ नयेत, ‘भ’ आणि ‘म’ही नाहीत. ऱ्हस्व वेलांटी शिकवताना आधी अक्षर मांडावं, मग डावीकडची काडी तिच्याच हातानं ठेवून घ्यावी. आणि कोयत्याचा ‘को’ लवकरच शिकवावा, तो तिनं पहिल्यापासून मागितलेला आहे.